सहा नंबरचा बिल्ला

"टायपिस्टबाई, तुमच्या प्रोग्रॅमने मेलेल्या बाईला ऑपरेशनला बोलावलंय," मालक दारातूनच म्हणाले.

टायपिस्टबाईंनी नुकतीच पर्स खुंटीला अडकवली होती. संगणकाचा पडदा अजून काळाच होता. त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांना चेष्टा करायची सवय होती, पण चेष्टा करताना ते असे एका हाताने चौकट धरून उभे राहत नसत.

"कुठल्या बाईला?"

"नेत्रपेढीच्या. सिस्टरांचा फोन होता आत्ता. काल त्या रजेवर होत्या. काउंटरवरच्या कारकुनाला यादीत पहिलं नाव दिसलं, त्याने लावला फोन. उद्या ऑपरेशन आहे, सकाळी भरती व्हा म्हणाला. आणि आज सकाळी त्या बाईचा नवरा येऊन काउंटरसमोर उभा. म्हणे, ती जाऊन दोन महिने झाले. बिल्ला मी तेव्हाच परत केलाय."

"मग सिस्टरांनी यादीतून काढलं नव्हतं?"

"काढलं होतं! सहा नंबर काढा म्हणून त्यांनी स्वतः बटण दाबलंय. तारीखसुद्धा आहे त्यांच्याकडे. आता बुबुळ येऊन पडलंय थंड पेटीत आणि बाराच्या आत सर्जनला नाव हवंय. बघा बाई काय ते."

नेत्रपेढीचं काम मालकांच्या या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीकडे एकवीस वर्षं होतं. ज्यांच्या डोळ्याचं बुबुळ, म्हणजे पुढचं पारदर्शक पटल, निकामी झालेलं असे, ते तिथे नाव नोंदवत आणि कुणीतरी जाताना आपले डोळे देऊन जाईपर्यंत वाट पाहत. नाव नोंदवलं की पितळेचा एक बिल्ला मिळायचा. एक ते शंभर असे शंभर बिल्ले होते. ऑपरेशन झालं की बिल्ला परत, तो पुढे नव्या माणसाला. एवढंच, की कुणी वाट पाहता पाहता वारलं तर त्याचा बिल्ला सिस्टर वर्षभर कुणाला देत नसत, खणात ठेवून देत. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता.

बिल्ल्यांचा नंबर आणि पाळी यांचा काही संबंध नव्हता. पाळी ठरायची यादीवरून, आणि यादी सांभाळायचा प्रोग्रॅम. तो मूळचा लिहिला होता सरांनी, कंपनीतल्या पहिल्या प्रोग्रॅमरने. त्यात गेली पंधरा वर्षं हात घालत आल्या होत्या त्या टायपिस्टबाई.

आता इतकी वर्षं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईला टायपिस्टबाई का म्हणायचं, असं नव्याने आलेला प्रत्येक जण विचारायचा आणि आठवड्याभरात स्वतःही तेच म्हणायला लागायचा. सव्वीस वर्षांपूर्वी त्या चपलांच्या दुकानावरच्या या तीन खोल्यांत पत्रं टाइप करायला आल्या होत्या. सर तेव्हा प्रोग्रॅम कागदावर लिहीत, शिसपेन्सिलीने, आणि टाइप करायला बाईंकडे देत. दुसऱ्या महिन्यात बाई भीतभीत म्हणाल्या, "सर, इथे एक कंस उघडलाय, तो कुठे बंदच केला नाहीत." सर कागदाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या टेबलाशी आणखी एक खुर्ची आणून ठेवली. कुणाला काही बोलले नाहीत, बाईंनाही नाही. नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं. त्या खुर्चीवर बसल्यामुळे बाईंचं घर उभं राहिलं, मुलगी शिकली, नवऱ्याच्या आजारपणात कुणापुढे हात पसरावा लागला नाही. बाई हे कुणालाही सांगत, विचारलं नाही तरी सांगत.

सरांनी त्यांना जे पहिलं शिकवलं ते काड्यापेट्यांनी शिकवलं. सर सिगारेटी फार ओढायचे, त्यामुळे रिकाम्या काड्यापेट्यांना तोटा नव्हता. "प्रोग्रॅमच्या या भाषेत दोन तऱ्हेचा माल असतो," सर म्हणाले होते. "एक नुसता उघडा आकडा आणि दुसरी वस्तू. यादी मोठी मानी बाई आहे, तिला वस्तूच लागते. उघड्या आकड्याला ती दारात उभं करत नाही. मग काय करायचं? आकडा डबीत घालायचा आणि डबी यादीत ठेवायची. हवा असेल तेव्हा डबी उघडून बघायचं." आणि त्यांनी चिठ्ठ्यांवर आकडे लिहून काड्यापेट्यांत घातले आणि टेबलावर ओळीने मांडले.

तेव्हापासून बाई आकड्यांना डब्यांत घालत आल्या. प्रत्येक आकडा यादीत जाताना हाताने डबा लिहायचा, बाहेर येताना हाताने डबा उघडायचा. मुलगी लहान असताना विचारायची, "आई, तू ऑफिसात काय करतेस?" बाई म्हणायच्या, "डबे भरते." मुलीला बरेच दिवस वाटायचं की आई कुठल्या तरी खानावळीत कामाला आहे.

पुढे ती भाषा शहाणी झाली. आकडा उघडा दिला तरी यादीत ठेवताना ती आपणच डबा घालू लागली. हाताने भरायची गरज उरली नाही. पण जुन्या प्रोग्रॅमांत जुने डबे तसेच राहिले, ओळीओळीला, आणि तीन महिन्यांपूर्वी मालकांनी ते काढायला सांगितले. "बाई, नवी मुलं हसतात हो बघून. साफसफाई करून टाका एकदा." बाईंनी अठरा दिवस खपून ते काम केलं. मशीनवर सोडून दिलं नाही, एकेक डबा बघून काढला. एक हजार एकशे त्रेचाळीस. मोजले होते त्यांनी, कारण मनातून अभिमान वाटत होता. सगळं झाल्यावर प्रोग्रॅम चालवून पाहिला, तर मशीनने हूं की चूं केलं नाही. मालकांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या होत्या.

बाईंनी नेत्रपेढीचा प्रोग्रॅम उघडला. नाव मागे घेण्याची ओळ शोधायला त्यांना अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

ओळ होती एवढीशी. यादीला सांगितलं होतं, सहा काढ.

बाईंनी ती पुन्हा वाचली. कारण ती ओळ तीन महिन्यांपूर्वी तशी नव्हती. सरांनी लिहिली होती तेव्हा तिथे सहाभोवती डबा होता, आणि तो डबा बाईंनी स्वतःच्या हाताने काढला होता. एक हजार एकशे त्रेचाळिसांतला एक.

आणि मग सरांच्या त्या धड्याचा उरलेला भाग त्यांना आठवला. तो त्या इतकी वर्षं विसरल्या होत्या. दहा काड्यापेट्या टेबलावर मांडून सर म्हणाले होते, "हं, तीन काढ." बाईंचा हात पुढे गेला आणि थांबला. पेट्यांमध्ये चिठ्ठ्या उलटसुलट होत्या, तीनची चिठ्ठी शेवटून दुसऱ्या पेटीत होती. बाईंनी विचारलं होतं, "तिसरी काढू, की तीनवाली?" सर इतके खूश झाले की त्यांनी सिगारेट विझवली. "हे तू विचारलंस," ते म्हणाले, "मशीन विचारणार नाही. उघडा आकडा दिलास तर ते जागा मोजेल आणि तिथे जो असेल त्याला काढेल. तीनवाली हवी असेल तर तीन डबीत घालूनच हातात द्यायचा, म्हणजे ते तशी डबी शोधत जाईल. आत ठेवताना घोटाळा नाही, काढताना आहे. लक्षात ठेव."

बाईंनी मान हलवली होती. लक्षात ठेवते म्हणाल्या होत्या.

मग दोन महिन्यांपूर्वी सिस्टरांनी सहा नंबर काढा म्हटलं तेव्हा मशीनने सहाव्या जागेवरच्याला काढलं होतं, आणि मशीन शून्यापासून मोजतं, म्हणजे माणसांच्या मोजणीने सातव्या जागेवरच्याला. गेलेली बाई यादीतच राहिली होती आणि सातवा कुणीतरी जिवंत माणूस, काही चूक नसताना, निमूटपणे यादीबाहेर गेला होता.

कोण होता तो?

इथे बाईंनी सरांना मनोमन हात जोडले. सरांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण सरांचा स्वतःवर कधी विश्वास नव्हता आणि दुसऱ्यावर त्याहून नव्हता. "कुणीतरी चुकणार, ते धरून चालायचं," असं म्हणून त्यांनी नेत्रपेढीच्या प्रोग्रॅमला एक सवय लावून ठेवली होती: रोज संध्याकाळी बंद होताना त्या दिवशीच्या यादीची एक साधी प्रत बाजूला ठेवायची. एकवीस वर्षांत त्या प्रती कुणी उघडल्या नव्हत्या. मालकांनी तर एकदा त्या जागा खातात म्हणून पुसायला सांगितल्या होत्या, आणि बाईंनी त्या निव्वळ सरांच्या आठवणीखातर ठेवल्या होत्या.

त्यांनी सिस्टरांच्या तारखेची प्रत काढली आणि शेजारी आदल्या दिवसाची. आदल्या दिवशी बासष्ट नंबर होते, त्या दिवशी एकसष्ट. बोट लावून एकेक ओळ खाली आल्या. गेलेली बाई, बिल्ला सहा, नवव्या जागेवर होती. सातव्या जागेवर आदल्या दिवशी होता बिल्ला बावन्न. दुसऱ्या दिवशी तो कुठेच नव्हता.

बाईंनी पुढच्या प्रती भराभर पाहिल्या. त्यानंतर पहिल्या सहांची ऑपरेशनं झाली होती. मग पाळी यायला हवी होती बावन्नची. अकरा दिवसांपूर्वी. ती आली आठव्या जागेवरच्याला. आणि आता गेलेल्या बाईमागे उभा होता बिल्ला एकोणीस. बाराच्या आत एकोणीसला फोन जाणार होता आणि बावन्नचं दुसरं बुबुळही हातचं जाणार होतं.

मालक मागे येऊन उभे होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. मालकांनी कपाळावरून हात फिरवला. माणूस वाईट नव्हता, पण कंपनी त्याची होती.

"असं करा," ते हळू आवाजात म्हणाले, "डबा घाला परत गुपचूप. बावन्नला टाका दुसऱ्या नंबरवर. या वेळी एकोणीसचं होऊ दे, पुढच्या वेळी त्याचं होईल. सिस्टरांना सांगू सर्व्हरमध्ये बिघाड होता. सर्व्हर काही बोलायला येत नाही."

"पुढची वेळ कधी येईल, साहेब?"

"ते मी कसं सांगू?"

"मग मी कशी थांबू?" बाई उठल्या आणि पर्स खुंटीवरून काढली. "डबा आत्ताच घातलाय. हे बघा, चालवूनही पाहिलाय. आता मी सिस्टरांना खरं काय ते सांगते. तुम्ही मला काढून टाकलंत तरी चालेल, पण ते नंतर करा. आत्ता पावणेअकरा झालेत."

मालक वाटेतून बाजूला झाले. मग म्हणाले, "रिक्षाने जा. बस नका पकडू."

बाईंनी जिना उतरता उतरताच फोन लावला. सिस्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एकवीस वर्षांत दोघींची फोनवरच ओळख होती.

"बावन्न म्हणजे कुलूपवाले," त्या म्हणाल्या. "अहो, ते येऊन गेले होते हो पंधरा दिवसांपूर्वी! मी आत होते. कारकुनाने मशीनमध्ये पाहिलं आणि सांगितलं, तुमचा नंबर यादीत नाही. ते बिल्ला टेबलावर ठेवून निघून गेले. मला वाटलं, त्यानेच नंबर चुकीचा पाहिला असेल. तेव्हापासून फोन लावतेय, लागत नाही."

"पत्ता आहे?"

"कोर्टाच्या मागच्या गल्लीत किल्ल्यांचं दुकान आहे त्यांचं. पण बाई, बाराला मला नाव द्यावंच लागेल. त्यांचं द्यायचं तर ते माझ्यासमोर हवेत, डोळा तपासायचाय. नाहीतर मी एकोणीसला बोलावणार. माझा नाइलाज आहे."

"आणते," बाई म्हणाल्या.

कोर्टामागच्या गल्लीतलं ते दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेलं एक लोखंडी कपाट होतं, दारं उघडली की दुकान. दारांना आतून शेकडो किल्ल्या टांगलेल्या. मशीनवर एक बाई किल्ली कापत होती, ओठ घट्ट मिटून, आणि दर दोन सेकंदांनी थांबून नमुन्याशी ताडून बघत होती. हे काम ती उशिरा शिकली असावी. तिच्या मागे स्टुलावर एक साठीचा माणूस मांडीवर ताट घेऊन बसला होता आणि ताटातल्या कोऱ्या किल्ल्या बोटांनी चाचपून वेगवेगळ्या डब्यांत टाकत होता.

टायपिस्टबाईंनी रिक्षात बसल्या बसल्या दोन-तीन वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"मी नेत्रपेढीच्या कामासाठी आलेय," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव यादीतून चुकून गेलं होतं. आज बुबुळ आलंय. तुमचं आहे ते. बाराच्या आत पोचायला हवं."

किल्ली कापणारं मशीन थांबलं.

"चुकून?" कुलूपवाल्याची बायको म्हणाली. "चुकून म्हणजे? अहो, दोन आठवडे झाले, हा माणूस धड जेवत नाही. फोन बंद करून ठेवलाय. मी म्हटलं जा, विचारा, भांडा चार शब्द. तर म्हणतात कसे, एवढ्या मोठ्या यंत्राने काढलं म्हणजे काही कारण असेल, माझा डोळा त्या लायकीचा नसेल. आणि तुम्ही म्हणता चुकून?"

"यंत्राने नाही काढलं," टायपिस्टबाई म्हणाल्या. "मी काढलं. प्रोग्रॅम माझ्याकडे असतो. त्यात एक वस्तू होती, मला वाटलं नकोशी आहे, मी काढून टाकली. ती लागणारी होती. डोळ्यात तुमच्या काही खोट नाही, दादा. खोट माझ्या कामात होती. अकरा दिवसांपूर्वीच तुमची पाळी लागायला हवी होती."

कुलूपवाल्याने ताट बाजूला ठेवलं. चेहरा आवाजाच्या दिशेने वळवला, पण थोडा चुकला, बाईंच्या खांद्याकडे.

"काय काढलंत?" त्याने विचारलं.

"अं?"

"म्हणजे नेमकं बिघडलं कसं? सांगा ना. मी कुलपांतला माणूस आहे."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून बारा मिनिटं. त्यांनी थोडक्यात सांगितलं. सहा नंबरच्या बाई वारल्या, त्यांना काढायचं होतं. आकडा डबीत घालून दिला असता तर मशीनने सहा नंबर शोधला असता. उघडा दिला, म्हणून ते जागा मोजत गेलं आणि तिथे तुम्ही होता.

"म्हणजे सहाव्या जागेवर?"

"सातव्या. ते शून्यापासून मोजतं."

"कशाला?"

"तशीच सवय आहे त्याला."

कुलूपवाला हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने. "अगं, ऐकलंस का? म्हणजे सांगितलं एक आणि उघडलं दुसरंच दार! बाई, माझ्या हातून हे झालंय. एकाची किल्ली हरवली होती. म्हणाला, चौथा मजला, डावीकडचं दार, मी नाश्ता करून येतो, तुम्ही कुलूप उघडून ठेवा. तो रोज लिफ्टने जाणारा, मी जिन्याने गेलो. जिन्याने गेलं की डावं उजवीकडे जातं. मी आपलं छान कुलूप उघडलं, दार लोटलं, तर आत एक गृहस्थ बनियनवर जेवायला बसलेले."

"मग?" बाईंच्या तोंडून नकळत गेलं.

"मग काय, मी म्हटलं, चालू द्या. आणि कुलूप परत लावून आलो."

"हसताय काय!" बायको ओरडली, आणि तिचेच डोळे भरून आले. तिने मशीनचं बटण बंद केलं, हात फडक्याला पुसले आणि नवऱ्याचा सदरा खुंटीवरून काढून त्याच्या अंगावर जवळजवळ फेकला. "उठा. बारा वाजायच्या आत म्हणतायत त्या."

कपाटाची दारं लावताना ती टायपिस्टबाईंना म्हणाली, "तुमच्यावरचा राग गेलेला नाही हां माझा."

"जायला नकोच इतक्यात," बाई म्हणाल्या.

रिक्षात तिघं दाटीने बसली. कुलूपवाला मधे होता. बाईंना त्या माणसाचे इतके उपकार वाटत होते की त्यांना धड बसवत नव्हतं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर त्या ऐकून घेतल्या असत्या आणि घरी जाऊन रडल्या असत्या. त्याने बिघाड विचारला. सव्वीस वर्षांत त्यांच्या कामातलं काही कुणी इतक्या आस्थेने विचारलं नव्हतं, एका सरांशिवाय.

बाराला अठरा मिनिटं कमी असताना ते नेत्रपेढीच्या लांब बोळात शिरले. सिस्टर काउंटरपाशीच उभ्या होत्या. फोनवरच्या आवाजावरून बाईंनी त्यांना उंच समजलं होतं, त्या चांगल्याच ठेंगण्या निघाल्या. त्यांनी खणातून बावन्नचा बिल्ला काढून कुलूपवाल्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

"बसा दोन मिनिटं. डॉक्टर मोकळे झाले की आत घेते. वहिनी, तुम्ही इकडे या, अर्ज परत भरावा लागेल."

बोळाच्या भिंतीला लागून लाकडी बाक होता. त्याच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर तपासण्यांची फाइल. फाइलच्या कोपऱ्यावर मोठा सहा लिहिलेला बाईंनी लांबूनच वाचला. त्यांनी कुलूपवाल्याला बाकावर बसवलं आणि त्या आजोबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आजोबा, काल तुम्हाला फोन आला तो माझ्या चुकीमुळे. तुमचं दुःख उकरून काढलं मी. मला माफ करा."

आजोबांनी मान वर केली. थोडं सरकून शेजारी जागा केली.

"बसा. सिस्टर म्हणाल्या मला, तुम्ही येताय म्हणून." त्यांनी फाइलवरून हात फिरवला. "तुम्हाला सांगू का? काल संध्याकाळी तो मुलगा फोनवर तिचं नाव घेऊन म्हणाला, बाई घरात आहेत का? मी म्हटलं, थांबा हं, बघतो. आणि उठलो, आतल्या खोलीत गेलो, बघून आलो."

बाई बाकाच्या कडेला टेकल्या.

"मग परत येऊन फोन घेतला. तो म्हणाला, त्यांची पाळी आलीय, उद्या घेऊन या. मी हो म्हटलं. खोटं नव्हतं बोलायचं मला. पण चार वर्षं वाट पाहिली होती आम्ही त्या वाक्याची, नाही कसं म्हणणार? रात्री विचार केला, ते बुबुळ कुणाच्या तरी कामाचं, आपल्या एका होकारापायी वाया जायला नको. म्हणून सकाळी पहिल्या बसने आलो." ते जरा थांबले. "माफी कसली मागता? दोन महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं, ती घरात आहे का म्हणून. बरं वाटलं मला."

"तुम्ही आला नसतात," बाई म्हणाल्या, "तर आम्हाला कधी कळलंच नसतं. हे समोर बसलेत ना, यांची पाळी कायमची गेली असती. तुमच्यामुळे आहेत हे इथे."

"हेच का ते? तिच्या जागी कोण येतं तेवढं बघून जाणार होतो." आजोबा कुलूपवाल्याकडे मनापासून पाहत राहिले. कुलूपवाला बोटांनी बिल्ल्याच्या कडा चाचपत होता आणि त्याला कुणी पाहतंय याचा पत्ता नव्हता.

आतून सिस्टरांनी हाक मारली, "बावन्न!"

त्याची बायको अजून काउंटरवर सह्या करत होती. कुलूपवाला उठला आणि हवेत हात पुढे करून उभा राहिला. टायपिस्टबाई धावल्या. त्यांनी त्याचा दंड मागून घट्ट धरला आणि त्याला दाराच्या दिशेने ढकलल्यासारखं नेऊ लागल्या. तो बिचकला, पाऊल अडखळलं.

"असं नाही, बाई," आजोबा म्हणाले.

ते फाइल बाकावर ठेवून उठले होते. त्यांनी बाईंचा हात हळूच सोडवला. मग कुलूपवाल्याचा हात घेऊन आपल्या कोपराच्या वर ठेवला आणि स्वतः अर्धं पाऊल पुढे झाले. "मी पुढे, तुम्ही मागे. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. चला."

दोघं निघाले. आजोबा हळू आवाजात सांगत होते, "आता सरळ. इथे उजवीकडे बादली आहे. दोन पावलांवर उंबरा. हं, आला." कुलूपवाल्याचं पाऊल कुठेही थांबलं नाही. काउंटरवर सही करता करता त्याची बायको मान वळवून बघत राहिली, पेन हातात तसंच.

दारापाशी सिस्टरांनी कुलूपवाल्याला ताब्यात घेतलं आणि दार लागलं. आजोबा तिथेच उभे राहिले, पाठमोरे. त्यांचा कोपर अजून थोडा बाहेर, धरायला दिल्यासारखा होता. बऱ्याच वेळाने त्यांनी तो हात खाली घेतला.